सनबीमचं डावं कॅलिपर

"दाबा."

"दाबलं."

"धरा."

"धरलं."

"सोडू नका हां, आप्पासाहेब."

"शेळके, ब्रेक कसा दाबायचा हे मी अख्ख्या कोल्हापूरला विचारत आलोय. तू मला शिकवू नकोस."

दसऱ्याची सकाळ होती. सनबीम मोटारीच्या पुढच्या चाकापाशी पोतं अंथरून मी उताणा पडलो होतो. एका हातात पाना, दुसऱ्या हातात काचेची बाटली. ब्रेकच्या कॅलिपरच्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या बारीक तोटीला, जोडलेली रबरी नळी बाटलीत सोडलेली. वर सीटवर आप्पासाहेब इंगवले, निवृत्त मोटार इन्स्पेक्टर, धुतलेलं धोतर आणि काळा कोट घालून पेडल मारत बसलेले. त्यांनी पेडल दाबून धरलं की मी निपल सैल करायचो. ब्रेक ऑईलची पिचकारी बाटलीत यायची आणि तिच्याबरोबर नळीत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडायची. मग निपल बंद, मग पुन्हा 'दाबा'. हवा संपली की पेडल दगडासारखं टणक लागतं. ब्रेकाच्या कामातला हा शेवटचा आणि सगळ्यांत सोपा भाग.

बाटलीत बुडबुडे यायचे बंद झाले होते. पेडल मात्र लोण्यात बोट घातल्यासारखं खाली जात होतं.

"टणक झालं?" मी खालून विचारलं.

"नाही."

"परत दाबा."

"दाबतो. आज मला दुसरं काम नाही. उद्या आहे."

उद्या काय आहे ते मला माहीत होतं. उद्या आप्पासाहेब ह्याच गाडीनं निपाणीला जाणार होते, त्यांच्या मुलीचं, कुमुदचं लग्न ठरवायला. आणि त्यांची वाट मोकळी करून द्यायला मी पोत्यावर पाठ घासत होतो. बसल्या फांदीवर घाव घालणारा माणूस निदान कुऱ्हाड तरी दुसऱ्याची आणतो. मी पानेसुद्धा घरचे आणले होते.

हे सगळं सुरू झालं उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यापाशी. मी तेव्हा मामाच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. हात चांगला होता, पण हिंदुराव शेळके हे नाव हाताबद्दल नव्हतं, तोंडाबद्दल होतं. त्या दिवशी मी सांगत होतो की पन्हाळ्याच्या उतारावर एका संस्थानिकाच्या मोटारीचे ब्रेक गेले, तेव्हा मी दार उघडून नुसता पाय खाली टेकवला. पायात कोल्हापुरी होती म्हणून बरं. मोटार थांबली, पण चपलेतून अशा ठिणग्या उडाल्या की मागून येणाऱ्या बैलगाडीवानानं त्यावर बिडी पेटवली. ऐकणारे मान डोलावत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"चप्पल कुठंय ती?"

वळून बघतो तर कुमुद इंगवले. मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची. तिची शिट्टी वाजली की आमच्या वर्कशॉपमधली माणसंसुद्धा ताठ व्हायची.

"तालमीत पुजायला ठेवलीय," मी म्हणालो.

"असू दे. आमच्या सनबीमचे पुढचे ब्रेक अडकलेत. आप्पा चांगला माणूस शोधतायत. तुम्ही येणार, की नुसती चप्पल पाठवणार?"

आता आप्पासाहेब म्हणजे मला लायसनच्या परीक्षेत दोनदा नापास केलेला माणूस. दुसऱ्या वेळी कारण विचारलं तर म्हणाले, "तुला गाडी थांबवता येते शेळके, तोंड थांबवता येत नाही. समोर बघण्याऐवजी माझ्याकडं बघून गोष्ट सांगत होतास." त्या माणसाच्या दारात जायला माझे पाय तयार नव्हते. पण बोलावणारी कोण होती ते पाहून पाय आपोआप निघाले.

सनबीम सुंदर होती. साईच्या रंगाची, बाजूनं हिरवा पट्टा. कारखान्यातून परत मायदेशी जाणाऱ्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून आप्पासाहेबांनी ती घेतलेली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. त्या काळी आमच्याकडं ते कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते आणि तिला दोन्ही अंगांनी चिमटीत धरायला ओतीव लोखंडाचा एक पंजा असतो. त्याला कॅलिपर म्हणतात. पंज्याच्या पोटात दोन पिस्टन. ऑईलनं रेटा दिला की पिस्टन पुढं सरकतात आणि तबकडी आवळतात. ह्या गाडीचे पिस्टन आवळायचे, पण गंजल्यामुळं सोडायला तयार नव्हते. चाक तापून धूर निघायचा.

"जमेल?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"असली शेकडो केलीत."

"कुठं?"

"मुंबईत."

"मुंबईला कधी गेलायस?"

"जाणार आहे," मी म्हणालो. कुमुदनं तोंड पदरानं पुसल्यासारखं केलं.

दोन्ही कॅलिपर उतरवली. दिसायला जुळी, पण एक डावं, एक उजवं. त्यांची गल्लत होऊ नये म्हणून कुमुदकडून लाल दोरा घेऊन मी डाव्याच्या कानाला बांधला. मग पिस्टन काढायचे. ते चिमट्याला दाद देईनात, म्हणून मामाच्या वर्कशॉपमधून हवेचा कॉम्प्रेसर आणला. नळीच्या भोकातून हवा सोडायची, पिस्टन बाहेर येतो. समोर लाकडी ठोकळा धरायचा असतो. मी ठोकळा धरला नाही, कारण मी कुमुदकडं बघत होतो.

पिस्टन सुटला तो तोफगोळ्यासारखा. परसातल्या जांभळीवर कावळा बसला होता, त्याच्या शेपटीखालून गेला, पलीकडं म्हशीच्या घमेल्यात पडला आणि घमेल्यातलं पाणी चुर्र करून उडालं. पितृपंधरवडा चालू होता. त्या वर्षी आमच्या गल्लीत एकही कावळा पिंडाला शिवला नाही. लोकांनी दर्भाचे कावळे करून पितर जेवू घातले. खोटं वाटत असेल तर गल्लीत जाऊन विचारा. कावळे अजून त्या जांभळीवर बसत नाहीत.

पुढचं काम मी खरोखर जीव लावून केलं. पंजे रॉकेलमध्ये बुडवले, चिंचेच्या कोळात ठेवले, तारेच्या ब्रशनं घासले. जुने पिस्टन चाळणीसारखे झाले होते. मी लेथवर न गंजणाऱ्या पोलादाचे नवे काढले, असे की त्यात बघून भांग पाडावा. उष्णतेला टिकणारा काळा रंग दिला. तो भाजून पक्का करावा लागतो, म्हणून गल्लीच्या टोकाच्या बेकरीवाल्याला मस्का लावला आणि खारी काढून झाल्यावर त्याच्या भट्टीत दोन्ही कॅलिपर ठेवली, डावं डाव्या अंगाला, आणि बाहेर काढताच डाव्याला नवा लाल दोरा बांधला. त्या आठवड्याच्या खारीला जरा सनबीमचा वास येत होता. चहात बुडवल्यावर कळत नव्हता.

मी घासायचो तेव्हा कुमुद शाळेतून येऊन पायरीवर बसायची. पाना म्हटलं की पाना द्यायची, आणि बरोबर मापाचा द्यायची. गोष्ट सांगितली की शेवटपर्यंत ऐकून घ्यायची आणि मग एकच प्रश्न असा विचारायची की गोष्ट जागच्या जागी बसायची. तिच्यासमोर थाप मारण्यात मजा होती. बाकीच्यांसमोर म्हणजे विहिरीत दगड टाकल्यासारखं. तिच्याकडून परत येणारा आवाज ऐकावासा वाटायचा.

एका दुपारी मुंबईहून मागवलेली, ऑईल अडवणारी रबरी सीलं मी ब्रेक ऑईलमध्ये भिजवून बसवत होतो. ती सहज म्हणाली, "दसरा झाला की दुसऱ्या दिवशी आप्पा निपाणीला जाणार. तंबाखूवाले आहेत. माझं ठरवायला."

माझ्या हातातलं सील निसटलं. मी ते उचललं, पुसलं आणि परत ऑईलमध्ये बुडवलं.

"एस.टी. आहे की निपाणीला," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

"आप्पांनी सांगून ठेवलंय. मुलाच्या घरी जाईन तर स्वतःच्या गाडीनं जाईन. मुलीचा बाप म्हणून वाकत जाणार नाही."

"म्हणजे गाडी झाली नाही तर..."

"तर जाणार नाहीत."

मी कॅलिपरच्या पोटातली सीलाची खाच फडक्यानं पुसली.

"कामं नीटच केली पाहिजेत, असं काही असतं का हो?" तिनं विचारलं.

"ब्रेकाचं काम आहे, बाई."

"हो," ती म्हणाली. "ब्रेकाचंच."

मी सील बसवलं. नीट बसवलं, बोट फिरवून परत तपासलं. काय करणार? माझं खोटं सगळं जिभेवर होतं, हाताला ते येत नव्हतं. ती उठून आत गेली ती जरा पाय आपटत गेली. मला वाटलं, पायाला मुंग्या आल्या असतील.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात आणि त्या दिवशी त्यांना काम सांगत नाहीत. इंगवल्यांच्या सोप्यात कुमुदनं पाट मांडला. पाने, हातोडी, ऑईलची कुपी, तिची कवायतीची शिट्टी, आप्पासाहेबांचा तपासणीचा टॉर्च आणि मधोमध माझी दोन काळी कुळकुळीत कॅलिपर. हळदकुंकू, झेंडू, आणि प्रत्येकाला लाल दोरा. शिट्टीलासुद्धा.

"दोरा दोन्ही कॅलिपरना बांधलात?" मी विचारलं.

"आज सगळ्यांचा मान सारखा. एकाला बांधून दुसऱ्याला तसंच ठेवायचं? त्यानं काय पाप केलंय?"

आप्पासाहेब जवळच उभे होते. त्यांनी पाटाकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं आणि हात जोडले.

दसऱ्याच्या पहाटे मी पाटापाशी बसलो. "डावं कुठलं?"

तिनं झटकन एक उचलून माझ्या हातात दिलं. "हे."

"नक्की?"

"रोज साठ मुलींना डावं-उजवं शिकवते मी."

तर अशा रीतीनं कॅलिपर चढली, ऑईल भरलं आणि आम्ही सकाळपासून पेडल मारत होतो. एक गोष्ट मात्र मला फार आवडली होती. निपल नेमकं खाली, माझ्या हाताशी आलं होतं. मी पडल्या पडल्या कौतुकानं म्हणालोसुद्धा, "साहेबाची अक्कल बघा आप्पासाहेब. निपल कसं हाताशी ठेवलंय. मान वर करायला नको."

"हो," वरून आवाज आला. "फारच हाताशी ठेवलंय."

दुपारचं जेवण झालं. पुन्हा पेडल. नवं ऑईल ओतलं. सगळे सांधे आवळले. एक थेंब कुठं गळत नव्हता. आप्पासाहेबांचा काळा कोट घामानं भिजला, पण ते उतरायला तयार नव्हते. शेवटी खिडकीतून वाकून म्हणाले, "शेळके, एक विचारू? निपाणीला मी जाऊ नये असं तुला काही कारण आहे का?"

"मला कशाला असेल?"

"तसं नाही. तुझी कीर्ती ऐकून आहे. हे तू मुद्दाम करत नाहीस ना?"

मला लागलं ते. आयुष्यात पहिल्यांदा एक काम इतकं खरं केलं होतं आणि तेच थाप ठरत होतं. मी पोत्यावरून उठलो. "आप्पासाहेब, पिस्टन काढून बघा, सील काढून बघा. कुठं हात राखलेला दिसला तर मला जन्मभर लायसन मिळू देऊ नका. चूक कुठंय हे मला कळत नाही. पण आहे."

"कळत नाही?" ते म्हणाले. "हे तुझ्या तोंडून नवीनच ऐकतोय." आणि आत गेले.

मी परसात दगडावर जाऊन बसलो. कुमुदनं गोटी सोड्याची बाटली आणून दिली.

"नीट बघून प्या," ती म्हणाली आणि तिथंच उभी राहिली.

मी बाटली तोंडाला लावली. सोडा खाली तोंडात आला आणि बुडबुडे सगळे वर, बाटलीच्या बुडाकडं पळाले. मी बाटली खाली घेतली. पुन्हा उलटी केली. बुडबुडे पुन्हा वर.

हवा वर जाते. म्हणून निपल वर असावं लागतं. खालच्या निपलातून ऑईल निघेल, हवा वर कॅलिपरच्या डोक्यात आरामात बसून राहील. पुढच्या दसऱ्यापर्यंत पेडल मारलं तरी निघणार नाही. आणि निपल खाली कधी येतं? डावं कॅलिपर उजवीकडं बसवलं आणि उजवं डावीकडं, तर.

मी तिच्याकडं पाहिलं. साठ मुलींना डावं-उजवं शिकवणारी बाई जांभळीकडं बघत होती.

"दोरा," मी म्हणालो.

"काय दोरा?"

"मुद्दाम बांधलात."

"मग काय करणार?" ती हळूच म्हणाली. "म्हटलं, हे एखादं सील तरी उलटं बसवतील. एवढं सांगून ठेवलं. पण तुम्ही कसले. बोट फिरवून परत तपासताय. बाहेर एवढं खोटं बोलता, आमच्याच दारात राजा हरिश्चंद्र."

मी बाटली दगडावर ठेवली.

"आप्पा तुम्हाला बोलले ते ऐकवलं नाही, म्हणून बाटली आणून दिली. आता कळलंय तुम्हाला," ती म्हणाली. "अर्ध्या तासात गाडी नीट होईल, आणि सकाळी आप्पा निपाणीला जातील. नाहीतर तुम्ही काहीतरी सांगाल. हवामान, ऑईल, साहेबाची अक्कल. ते तुम्हाला चांगलं येतं. आप्पा घरी बसतील. तुम्ही ठरवा."

सोप्यात येईपर्यंत माझ्याकडं तीन थापा तयार होत्या. एक तर इतकी देखणी होती की अजून ती वाया गेल्याचं वाईट वाटतं. आप्पासाहेब झोपाळ्यावर आपट्याची पानं मांडीवर घेऊन बसले होते. मी एक पान उचलून त्यांच्या हातात दिलं, पाया पडलो आणि उठलोच नाही, तिथंच जमिनीवर बसलो.

"आप्पासाहेब, गाडी अर्ध्या तासात नीट होते."

"अस्सं. काय झालं होतं?"

"डावं-उजवं उलट बसलंय. निपल खाली आलंय."

"कुणाची चूक?"

"माझी."

"थाप," आप्पासाहेब म्हणाले.

"बसवलं मी."

"हां. हे खरं."

"गाडी मी करून देतो. कशी केली ते तुम्ही उभं राहून बघा. पण..." इथं मी अडकलो. पेडल दाबलं की नुसतं खालीच जावं तसं झालं. "पण निपाणीला जाऊ नका. कुमुदला मला द्या. मी लेथवर आहे, मामाचं वर्कशॉप आहे, घरात आई आणि मी. बाकी माझ्याबद्दल जे ऐकलंय ते सगळं खरं आहे, म्हणजे मी सांगितलेलं सगळं खोटं आहे. हे मात्र नाही."

झोपाळा थांबला. आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या.

"निपल खाली आहे हे मला सकाळीच दिसलं होतं," आप्पासाहेब म्हणाले.

"सकाळी?"

"तू चढवत होतास तेव्हा. तीस वर्षं गाड्या तपासल्या मी. आणि पाटावर दोरे बांधताना हिचा चेहरा बघितला होता."

"मग दिवसभर पेडल कशाला मारत होतात?"

"पाय मोकळे होत होते." त्यांनी आपट्याचं पान उलटसुलट करून पाहिलं. "आणि म्हटलं बघू, दोघांपैकी कोण आधी तोंड उघडतंय. तू उघडशील असं वाटलं नव्हतं. तुझं तोंड कायम उघडंच असतं म्हणून कळलं नाही."

झोपाळ्याखाली पडलेली आपट्याची पानं मी गोळा करू लागलो.

"निपाणीकर येऊन गेले तेव्हा दोनदा विचारलं त्यांनी, गाडी कशी आहे म्हणून," ते म्हणाले. "मुलगी कशी आहे, हे एकदाही नाही. तेव्हापासून मला तसंही जायचं नव्हतं. पण शब्द दिलेला. मोडायला कारण पाहिजे." मग ते उठले. "आईला सांगितलंयस?"

"नाही."

"का?"

"तिचा माझ्यावर विश्वास नाही."

"शहाणी बाई आहे," आप्पासाहेब म्हणाले. "चल, पाना घे."

कॅलिपर उतरवली, अदलाबदल केली. कुमुदनं दोन्हींचे दोरे सोडले आणि एक डाव्याला परत बांधला. निपल वर आलं. पहिल्याच दाबाला बाटलीत असे बुडबुडे आले की जणू आत कुणी दिवसभर श्वास रोखून बसलं होतं. थोड्याच वेळात वरून आवाज आला, "टणक."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासाहेबांनी तोच काळा कोट घातला, इस्त्री करून. डोक्याला फेटा बांधला. गाडीच्या मागच्या सीटवर नारळ आणि पेढ्यांचा पुडा ठेवला. मी माझे पाने न्यायला आलो होतो. कुमुद दारात उभी होती.

"बस," आप्पासाहेब मला म्हणाले. "ब्रेक लागतात का बघायचंय. तूच केलेत, तूच पुढं बस."

सनबीम गल्लीतून बाहेर पडली. निपाणीला जायला डावीकडं वळायचं. आप्पासाहेब उजवीकडं वळले. मी तोंड उघडलं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी मिटलं. आमचं घर तिथून चालत गेलं तर पान खाऊन संपायच्या आत येतं. चौक ओलांडला, पिठाची गिरणी गेली, आणि आमच्या दारासमोर त्यांनी पेडल दाबलं.

गाडी जागच्या जागी थांबली. मागचा नारळ घरंगळून पुढं माझ्या पायाशी आला.

आई उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती. काळा कोट, फेटा, मोटार आणि शेजारी मी. तिनं सूप खाली ठेवलं. "साहेब," ती उठत म्हणाली, "आता काय केलं ह्यानं?"

आप्पासाहेबांनी इंजिन बंद केलं. माझ्या पायाशी पडलेला नारळ त्यांनी स्वतः वाकून उचलला, धोतराच्या टोकानं पुसला आणि माझ्याकडं वळले.

"उतरा, हिंदुराव," ते म्हणाले. "आईंना सांगा, मुलीकडची माणसं आलीत. स्वतःच्या गाडीनं."